अर्ध्यावर भेटणारा

त्याचं नाव के. एम. कागदोपत्री मिकेलिस स्थिरांक, पण प्रयोगशाळेत त्याला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. आद्याक्षरांनी ओळखली जाणारी माणसं जबलपूरच्या मराठी घरांना नवीन नाहीत. रेल्वेत, जीसीएफच्या तोफगाडा कारखान्यात, टपाल-तार खात्यात आयुष्य काढलेली; वेळेवर जाणारी, वेळेवर परतणारी, दोन शब्दांत शेरा भागत असेल तर तिसरा न लिहिणारी. के. एम. त्यांच्यातलाच वाटतो. बोलतो कमी, आणि जे बोलतो त्यानं समोरच्याचा उत्साह थोडा उतरतो. म्हणून समारंभांना त्याला बोलावत नाहीत. विष खाणारा जिवाणू सापडल्याची बातमी छापून येते, तिच्यात जिवाणूचं नाव असतं, शोधणाऱ्याचं असतं, कधीकधी मंत्र्याचंही असतं, याचं नसतं.

त्याचा सगळा व्यवहार विकरांशी, म्हणजे एन्झाइमांशी. जिवाणू विष फोडतो असं आपण म्हणतो खरं, पण फोडाफोडीचं काम त्याच्या पेशीतलं एखादं विकर करत असतं. ते किती वेगानं करेल हे समोर विष किती आहे त्यावर ठरतं. विष अगदी थोडं असेल तर हिशेब सरळ आहे: दुप्पट विष, जवळजवळ दुप्पट वेग. पुढे मात्र विष वाढवत नेलं तरी वेग तेवढा वाढत नाही, आणि शेवटी जवळजवळ वाढायचाच थांबतो. पंगतीतल्या वाढप्याचं असंच होतं. चारच पानं मांडलेली असतील तर तो रिकाम्या हातांनी उभा असतो. पंगत भरली की दोन्ही हात चालू. आणि दाराबाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी आहे म्हणून त्याला तिसरा हात फुटत नाही. या वरच्या मर्यादेला कमाल वेग म्हणतात. विकराचे चाहते हा कमाल वेग सांगत सुटतात. के. एम. त्या उंचीकडे बघत नाही. त्याचा प्रश्न एवढाच: या कमाल वेगाच्या बरोबर अर्ध्यावर यायला किती विष लागलं? जे उत्तर येईल तोच तो.

अर्ध्याचाच हट्ट का, असं वाटेल. कारण व्यवहारी आहे. कमाल वेग प्रत्यक्षात कधी गाठला जात नाही. आलेखातली रेषा त्याच्या जवळ जात राहते, टेकत मात्र नाही. जे गाठता येत नाही त्यावरून कुणाची पारख करणं अवघड. अर्धं गाठता येतं, मोजता येतं, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसालाही पुन्हा मोजून बघता येतं. के. एम. लहान निघाला तर समजावं की हे विकर थोड्याशा विषावरही जोमानं चालतं. मोठा निघाला तर त्याला सुबत्ता लागते.

आणखी एक गुण सांगायला हवा. संख्याबळाला तो बधत नाही. विकर दुप्पट घाला, दहापट घाला. कमाल वेग दुप्पट होईल, दहापट होईल. पण अर्ध्यावर यायला लागणारं विष तेवढंच राहतं. कितीही हात कामाला लावले तरी स्वभाव तोच.

जन्म बर्लिनचा, १९१३ सालचा. लिओनोर मिकेलिस तेव्हा बर्लिनमधल्या एका नगर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. मॉड मेंटेन कॅनडाच्या. टोरांटोहून १९११ मध्ये वैद्यकातली वरची पदवी घेऊन अटलांटिक ओलांडून त्यांच्याकडे काम करायला आल्या. दोघांनी घेतलं ते विकर विषाशी संबंधित नव्हतं. साखरेचे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज ते. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल एका बाजूला वळवतं, तुकडे झाले की दुसऱ्या बाजूला. ते वळण मोजत बसायचं. दहा वर्षं आधी पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी जवळजवळ हेच समीकरण मांडलं होतं, पण द्रावणाची आम्लता त्यांनी आवरलेली नव्हती, त्यामुळे आकडे हलत राहिले. मिकेलिस-मेंटेन यांनी आम्लता बांधून घेतली आणि फक्त सुरुवातीचा वेग मोजला, जेव्हा साखर अजून फारशी संपलेली नसते आणि तुकड्यांची गर्दी झालेली नसते. साखरेसाठी आकडा आला ०.०१६७ मोलर. के. एम.चा हा पहिला फोटो म्हणायला हरकत नाही.

पालकांचं पुढे काय झालं तेही या घराण्याला शोभणारं आहे. मिकेलिस १९२२ मध्ये जपानात नागोयाला गेले, तिथून अमेरिकेत. केसांमधलं केराटिन एका विशिष्ट आम्लानं सैल होतं हे त्यांनी दाखवलं आणि त्यावर केस कायमचे कुरळे करायचा उद्योग उभा राहिला. पार्लरमध्ये तास-दोन तास बसणाऱ्या बायकांना बर्लिनच्या या गृहस्थाचा पत्ता नसतो. मेंटेनबाई पिट्सबर्गला शिकवत राहिल्या आणि पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळालं ते निवृत्ती दारात आल्यावर. समीकरणात दोघांची नावं जोडीनं येतात. स्थिरांकाला मात्र बहुतेक पुस्तकांत एकट्या मिकेलिसांचं नाव. के. एम.मधला एम. मेंटेनबाईंचा असेल असं विद्यार्थ्यांना वाटतं, तो मिकेलिसांचाच.

जबलपुरात त्याला भेटायचं तर अधारतालच्या बाजूला जायला हवं. राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा हा तलाव; त्याच्या पुढे महाराजपूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची तणांवर काम करणारी संस्था आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, आता तिला संचालनालयाचा दर्जा आहे. शहरात विचाराल तर 'वो खरपतवारवाले' म्हणून रस्ता दाखवतील. ऑगस्टमध्ये ते गाजरघास सप्ताह पाळतात. गाजरघास म्हणजे आपलं काँग्रेस गवत, जे भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. पुण्यानं देशाला काय काय दिलं याच्या यादीत हे कुणी घालत नाही.

तण मारायचं तर तणनाशक आलं, आणि तणनाशक आलं की पुढचा प्रश्न: मारून झाल्यावर ते जातं कुठे? मातीत किती दिवस राहतं, पाण्यात किती उतरतं, दाण्यात किती सापडतं? अवशेषांच्या या अभ्यासात के. एम. स्वतःच्या नावानं फारसा वावरत नाही. तिथे त्याचा अवतार वेगळा असतो, अर्धायू. विष निम्मं व्हायला किती दिवस लागले, ते अर्धायू. दोघांच्या नात्याचा उलगडा समीकरणातच आहे. विषाचं प्रमाण के. एम.च्या मानानं फारच कमी असलं की वेग सरळ विषाच्या प्रमाणात चालतो, आणि मग अर्धायू निघतो ०.६९३ गुणिले के. एम. भागिले कमाल वेग. म्हणजे शेतातल्या मातीचे नमुने महिनोन्महिने तपासून अमुक दिवसांचा अर्धायू लिहिला जातो तेव्हा त्या आकड्याच्या पोटात के. एम. बसलेला असतो. कमाल वेगाच्या खांद्याला खांदा लावून, ओळख न देता.

इथे मॉडेल करणाऱ्यांची एक गंमत, किंवा लबाडी, सांगून टाकतो. शेतातलं विष नेहमी कमीच असतं, त्यामुळे शेतातल्या आकड्यांवरून के. एम. आणि कमाल वेग वेगवेगळे काढताच येत नाहीत. मिळतो तो फक्त त्यांचा भागाकार. के. एम. दहापट धरा आणि कमाल वेगही दहापट धरा, रेषा तीच निघेल. संगणक तरीही दोन्ही आकडे दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत काढून देतो, आणि ते प्रबंधात छापलेही जातात. अशा ठिकाणी के. एम. हजर नसतो, त्याच्या खुर्चीवर कोट टांगलेला असतो.

त्याच्या स्वभावाची खरी ओळख पटवणारं घर एकच निवडायचं तर मी ॲट्राझिनचं निवडेन. मक्याच्या शेतात पेरणीनंतर, तण उगवण्याआधी फवारलं जाणारं हे तणनाशक. आमच्या भागातला छिंदवाडा जिल्हा मक्याचा; त्याच्या दक्षिणेला सौंसर-पांढुर्ण्याकडे मराठी बोलली जाते, त्यामुळे हे औषध दोन्ही भाषांना ठाऊक आहे. स्विस कंपनी गायगीनं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलं. नायट्रोजन आणि कार्बन एकाआड एक बसवलेलं सहा कोनांचं कडं, त्याला एका बाजूला क्लोरिन. हा क्लोरिन काढला की तण मारायची ताकद जाते.

तो काढणारं विकर १९९० च्या दशकात मिळालं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये ॲट्राझिन सांडलेल्या एका जागेची माती घेऊन तिच्यातले जिवाणू अशा थाळ्यांवर वाढवले गेले ज्यांत ॲट्राझिन इतकं ठासून भरलं होतं की थाळी दुधी दिसावी. ज्या ठिपक्याभोवती दुधीपणा विरून स्वच्छ कडं उमटलं, तो जिवाणू हवा होता. सुडोमोनास कुळातला हा जिवाणू १९९५ मध्ये ए.डी.पी. या नावानं जगासमोर आला. त्याच्याकडे सहा विकरांची फळी आहे. पहिलं, ॲट्झ-ए, क्लोरिन काढतं. पुढची दोन बाजूच्या साखळ्या उतरवतात, उरलेली तीन कडं मोडून नायट्रोजन मोकळा करतात. जिवाणूला सगळा खटाटोप करायचा असतो तो या नायट्रोजनसाठी. आपल्या शेताची त्याला काही पडलेली नाही.

ॲट्झ-ए तरुण आहे. विकरांच्या जगात वयं कोटी-कोटी वर्षांची असतात. याचं काम ज्या रसायनावर चालतं ते रसायनच सत्तर वर्षांपूर्वी अस्तित्वात नव्हतं. त्याचा एक सख्खा भाऊ आहे, मेलामाइनवर काम करणारा ट्राय-ए. दोघांचीही लांबी ४७५ अमिनो आम्लांची, आणि त्यांतली फक्त ९ वेगळी. एवढ्या फरकावर एक अमाइन काढतो, दुसरा क्लोरिन, आणि एकाला दुसऱ्याचं काम जवळजवळ येत नाही. माणसानं नवं विष केलं आणि काही दशकांत ९ अक्षरं बदलून मातीनं त्याच्यावर माणूस नेमला, ही गोष्ट मला कितीही वेळा ऐकली तरी शिळी वाटत नाही.

पण आता के. एम.ला बोलू द्या. ॲट्राझिनसाठी ॲट्झ-एचा के. एम. सुमारे १५० मायक्रोमोलर. आणि ॲट्राझिन पाण्यात विरघळतं किती? लिटरला साधारण ३३ मिलिग्रॅम. त्याचा रेणुभार २१६ धरून भागाकार केला तर उत्तर येतं जवळपास १५० मायक्रोमोलर. पाण्यात जेवढं म्हणून ॲट्राझिन मावतं तेवढं सगळं मावलं, आणखी एक कणही विरघळणार नाही अशी स्थिती आली, तरी हे विकर फक्त अर्ध्या वेगावर पोचतं. वरचा अर्धा वेग त्याच्याकडे आहे, पण तो वापरायची पाळी पाण्यात कधी येणारच नाही.

असा स्वभाव का झाला असेल? जन्मस्थान बघा. विष सांडून साचलेली जागा, आणि परीक्षा घ्यायला दुधी थाळी. जिथे ताट सदैव भरलेलं तिथे थोडक्यात भागवायची सवय कशाला लागेल? आपणही शोधताना त्यालाच हेरलं जो भरल्या ताटावर चमकला. मातीत कुठेतरी एखादा थोडक्यात भागवणारा असेलही; त्यानं थाळीवर एवढं ठळक कडं उमटवलं नसतं आणि तो कचऱ्याबरोबर धुऊन गेला असता.

शेतावर येऊ. हेक्टरी १ किलो ॲट्राझिन फवारलं असं समजा. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी सुमारे २२ लाख किलो. म्हणजे एक किलो मातीला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही थोडं कमी. मातीत एक चतुर्थांश ओल आहे आणि सगळं औषध त्या ओलीत विरघळलंय असं उदारपणे धरलं, तर ८ मायक्रोमोलरच्या आसपास. ढोबळ हिशेब आहे हा, पण पुरेसा आहे. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विकराच्या सणाच्या दिवशी, त्याचा वेग कमाल वेगाच्या विसाव्या भागाएवढा. त्यातही बरंचसं औषध मातीच्या कणांना चिकटलेलं असतं, ते वेगळंच.

आणि पिण्याचं पाणी? भारतीय मानक आय.एस. १०५०० पाण्यात ॲट्राझिन लिटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेतं. तेवढ्या प्रमाणाला आपलं विकर आपल्या कमाल वेगाच्या सोळा हजाराव्या भागानं चालेल. युरोपात कोणत्याही एका कीडनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. तिथे हा वेग तीन लाखाव्या भागाच्याही खाली जातो. फ्लास्कमध्ये एका दिवसात ॲट्राझिन फस्त करणारा जिवाणू विहिरीच्या पाण्यात हात बांधल्यासारखा का बसतो, याचं कोडं पडलेल्यांनी हा भागाकार करून बघावा.

उलट स्वभावाचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर सगळीच विकरं अशी खर्चिक वाटतील. फॉस्फोट्रायएस्टरेज नावाचं विकर पॅराथिऑनच्या कुळातल्या कीटकनाशकांना तोडतं. भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एन. सेतुनाथन यांनी फिलिपिन्समध्ये भातखाचराच्या पाण्यातून मिळवलेला, १९७३ मध्ये जाहीर केलेला जिवाणू हे त्याचं एक मूळ घर. या विकराचा झपाटा असा की विषाचा रेणू पाण्यातून तरंगत त्याच्यापर्यंत यायला जो वेळ लागतो तोच काय तो उशीर. गाठ पडली की तुकडे. तेही मानवनिर्मित विषच, तोही नवाच कारागीर. तेव्हा तारुण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

जबलपुरात के. एम.ला दुसरं एक दार आहे. तिथे त्याला कुणी आत घेतलेलं नाही. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरकडे आला आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथे बसलं. नागपूरकरांच्या मनात ती सल बरीच वर्षं राहिली. याच पीठानं ३ डिसेंबर २०२४ रोजी भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला विषारी कचरा चार आठवड्यांत हलवण्याचा आदेश दिला. गॅसकांडाला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी. ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून १ जानेवारी २०२५ च्या रात्री पीथमपूरला निघाला. तिथे आंदोलन झालं, चाचण्या झाल्या आणि जूनअखेरपर्यंत तो भट्टीत जाळला गेला. राखेचं काय करायचं हा वाद मग पुन्हा न्यायालयाकडेच आला.

हा कचरा जिवाणूंवर का नाही सोपवला, असं विचारणारे भेटतात. पिंपात भरलेल्या विषाला के. एम. लागू करून बघितला तर उत्तर मिळतं. म्हणजे अति विषानं वेग कधी घसरतो ते सांगणाऱ्या त्याच्या दुसऱ्या नातेवाइकाला सोबत घेतलं तर. विष अति झालं की पुष्कळ विकरं सपाट रेषेवरही टिकत नाहीत, खाली घसरतात. विष फोडणाराच विषानं गुदमरतो. विकराचं हे घसरणं जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० च्या पुस्तकात मांडलं आणि १९६८ मध्ये अँड्रूज यांनी ते जिवाणूंच्या वाढीला लावलं. फिनॉल खाणाऱ्या जिवाणूंचं गणित आजही त्याच समीकरणानं करतात. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. परदेशी समीकरण म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी ही माहिती.

तर पिंपातला कचरा एका टोकाला. पण भोपाळमध्ये दुसरं टोकही आहे, आणि ते ट्रकमध्ये मावत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं २०१० च्या सुमारास तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा दिला होता. या मातीत सापडणाऱ्या रसायनांपैकी एक एचसीएच, लिंडेन या कीटकनाशकाचं कुटुंब. त्याला फोडणारे स्फिंगोबियम जातीचे जिवाणू भारतातच सापडलेत, त्यांची विकरं ओळखीची आहेत. कुटुंबातला बीटा नावाचा घटक मात्र पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्याच्यावर विकरांचं कामही सावकाश चालतं. पिंपात विष इतकं की विकर गुदमरावं, मातीत इतकं विरळ की विकराला सापडू नये. के. एम. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे आणि त्याच्या अंगणात भोपाळचं काहीच येत नाही. जाळण्याच्या बाजूनं मी नाही. भट्टीला के. एम. नसतो एवढंच म्हणतो. ती प्रमाण विचारत नाही, म्हणून न्यायालयाला तारीख लावून देता येते. जिवाणूला तारीख लावता येत नाही.

आता त्याचे दोष. मोठा दोष असा की तो परीक्षानळीत वाढलेला आहे. स्वच्छ पाणी, शुद्ध विकर, बांधलेली आम्लता, ठरलेलं तापमान. शेतातली काळी माती वेगळी. तिच्यातली चिकणमाती विष धरून ठेवते आणि आपल्या मर्जीनं सोडते. विकर पेशीच्या आत, विष बाहेर, मध्ये भिंत. विष मातीतून सुटायलाच महिना लागत असेल तर के. एम. १५० असो की १५, काय फरक पडतो? चांगली मॉडेलं म्हणून दोन समीकरणं जोडून घेतात, एक सुटण्याचं आणि एक फोडण्याचं, आणि दोन्हींतलं जे सावकाश ते राज्य करतं. पुष्कळदा के. एम.वर आलेला आळ खरं तर मातीचा असतो.

दुसरा दोष त्याचा नव्हे, त्याला मोजणाऱ्यांचा. १९३४ मध्ये लाइनविव्हर आणि बर्क यांनी वक्र रेषेची सरळ करायची युक्ती काढली: दोन्ही बाजू उलट्या करा, एक भागिले वेग, एक भागिले प्रमाण. आलेखाचा कागद आणि पट्टी एवढ्यावर के. एम. काढता येऊ लागला आणि एम.एस्सी.च्या पिढ्या त्यावर पार पडल्या. पण उलटं करताना सगळ्यांत लहान आकडे सगळ्यांत दूर जाऊन बसतात, आणि लहान आकड्यांतच चूक मोठी असते. पट्टी त्यांच्याच मागे जाते. काहींचा के. एम. उणे निघाला. अर्ध्या वेगाला उणे इतकं विष लागतं, असं जर्नलमध्ये सहीशिक्क्यानिशी लिहून विद्यार्थी घरी गेले.

आणखी एक गोष्ट कुठल्याच समीकरणात बसत नाही, पण मक्याच्या शेतात रोज घडते. जिवाणूला ॲट्राझिन नायट्रोजनसाठी हवं असतं, हे वर आलं. मक्याला आपण युरिया देतो. नायट्रोजन असा आयता मिळाला की बऱ्याच मातींत ॲट्राझिन मोडण्याचं काम मंदावतं, ए.डी.पी.मध्ये तर कडं मोडणाऱ्या शेवटच्या तीन विकरांची जनुकं नायट्रोजनची टंचाई असेल तेव्हाच नीट जागी होतात. म्हणजे शेतकरी एका हातानं विष टाकतो, दुसऱ्या हातानं त्या विषाच्या गिऱ्हाइकाचं पोट भरतो. के. एम.नं यावर काही म्हटलेलं नाही. त्याच्या अधिकारात हे येत नाही.

त्याच्याशी वाद न घालता त्याच्या बाजूनं निघून जायचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सी.एस.आय.आर.ओ. या तिथल्या संशोधन संस्थेच्या लोकांनी जिवाणू घेतलाच नाही. ट्रझ-एन नावाचं दुसरं विकर घेतलं. कामही तेच, क्लोरिन काढायचं, पण के. एम. ॲट्झ-एपेक्षा बराच लहान. जिवंत पेशी नाही म्हणजे भूक नाही, युरियाची लालूच नाही, मध्ये भिंतही नाही. शेतातून वाहून आलेलं ॲट्राझिनयुक्त पाणी साठवलेल्या, सुमारे १५ लाख लिटरच्या तळ्यात ते विकर सोडलं. भरपूर सोडलं, म्हणजे कमाल वेग उचलून धरला, के. एम. होता तिथेच राहिला. चार तासांत ९० टक्क्यांहून अधिक ॲट्राझिन गेलं. उरलेल्या दहा टक्क्यांतलेही ९० टक्के जायला त्याच हिशेबानं पुढचे चार तास लागतात, विकर तोवर टिकलं तर.